पाव, चावी, पगार : लिस्बनमधला एक दिवस

ऑक्टोबरात लिस्बनला सूर्य उशिरा उगवतो. रोसियो चौकाच्या कोपऱ्यावरच्या कॅफेत आम्ही दोघं शिरलो, तेव्हा रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते. कामावर निघालेली माणसं काउंटरला टेकून उभ्या उभ्या कॉफी पीत होती. काचेच्या कपाटातल्या गोल, वरून पीठ भुरभुरलेल्या ब्रेडकडे बोट दाखवून मी दोन मागितले. काउंटरमागच्या बाईंनी खात्री करून घ्यायला विचारलं, "पाँव?"

"अगं, पाव म्हणाल्या त्या!" हे म्हणाले. मुंबईपासून सुमारे ८,००० किलोमीटरवर, भाषेचा गंध नसलेल्या शहरात, पहिला शब्द ऐकला तो आमच्या घरातला होता.

मुलीला भेटायला युरोपात आलो होतो. परतीच्या वाटेवर लिस्बनसाठी एक पूर्ण दिवस मिळत होता. राहण्याचे पैसे आधीच भरले होते. बाकी दिवसभराचा दोघांचा खर्च ५० युरोंच्या आत बसवायचा, असं आदल्या रात्री ठरवलं. म्हणजे टॅक्सी नाही, सहलीची बस नाही, तिकीट लावणारी संग्रहालयं नाहीत. पायी पाहता येईल तेवढं पाहायचं. यांनी खिशातल्या वहीचं पान मधोमध दुमडलं. डावीकडे खर्च लिहायचा होता. उजवीकडे यांनी पहिला शब्द लिहिला : पाव.

दगडांच्या लाटा

रोसियो चौकात पाऊल टाकताना क्षणभर थबकायला होतं. काळ्या-पांढऱ्या लहान दगडांच्या लाटा चौकभर पसरल्या आहेत. जमीन सपाट आहे, पण नजर ते मानत नाही. या फरसबंदीला 'काल्सादा' म्हणतात. चुनखडीचा पांढरा आणि बेसाल्टचा काळा दगड हातोडीनं फोडायचा, वाळूच्या थरावर एकेक बसवायचा आणि वरून ठोकायचा. हे काम आजही हातानं होतं, आणि ते करणारे कारागीर तयार व्हावेत म्हणून लिस्बनची महापालिका १९८६ पासून शाळा चालवते. शहरभर पायाखाली जहाजं, मासे, वेली, तारे भेटत राहतात. हे सगळं पाहायला काही पडत नाही. खाली बघत चालायचं एवढंच. पावसात मात्र हे दगड फार निसरडे होतात.

चौकाच्या उत्तर टोकाला आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे. पूर्वी त्याच जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. तिथून दोन मिनिटांवर सांव दोमिंगोस चर्च आहे. १९५९ मध्ये या चर्चला मोठी आग लागली. नंतर डागडुजी झाली, पण आगीनं तडकलेले, साली निघालेले खांब मुद्दाम तसेच ठेवले आहेत. आत गेल्यावर बोलावंसं वाटत नाही. बाहेरच्या अंगणात एक दगडी स्मारक आहे. १५०६ च्या एप्रिलमध्ये याच ठिकाणाहून जमाव भडकला आणि सक्तीनं ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची शहरभर कत्तल झाली. त्या मृतांसाठी हे स्मारक उभारायला २००८ साल उजाडावं लागलं.

स्मारकासमोर मला गार्सिया द ओर्ता आठवला. ज्यू कुळातला हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडानं होतं. आपल्याकडच्या औषधी, मसाले, फळं यांवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. पुढे १५८० मध्ये इन्क्विझिशननं त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. आपल्या मातीतल्या झाडापाल्याची इतकी आस्थेनं नोंद करणारा माणूस याच देशातून आला होता, आणि त्याची हाडं जाळणारी सत्ताही इथूनच आली होती. लिस्बनमध्ये दिवसभर या दोन्ही गोष्टी सोबत घेऊन चालावं लागतं.

भूकंपानंतरचं शहर

रोसियोपासून नदीपर्यंतचा सखल भाग म्हणजे बाइशा. इथले रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत. त्याला कारण १ नोव्हेंबर १७५५ ची सकाळ. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता, चर्चं माणसांनी भरली होती, वेदीवर मेणबत्त्या तेवत होत्या. भूकंप झाला, मग नदीतून त्सुनामी आली आणि उरलेलं शहर कित्येक दिवस जळत राहिलं. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेलेला मंत्री आणि त्याचे लष्करी अभियंते यांनी हा भाग नव्यानं उभा केला. प्रत्येक इमारतीच्या भिंतीत त्यांनी लाकडी वाशांचा तिरप्या आडव्यांनी जखडलेला सांगाडा घातला. त्याला 'पिंजरा' म्हणत. धक्का बसला तर लाकूड वाकेल पण घर कोसळणार नाही, हा त्यामागचा विचार होता. तो खरा उतरतो का हे पाहायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं होतं, असं सांगतात. भूकंपाचा विचार करून अख्खी वस्ती बांधण्याचा जगातला हा फार जुना प्रयत्न.

रस्त्यांना नावं दिली ती धंद्यांची. एक सोनारांचा, एक चांदीवाल्यांचा, एक चांभारांचा. पुण्याच्या तांबट आळीत, बुरूड आळीत वाढलेल्या माणसाला ही रचना लगेच कळते. खोगीर-पट्टे करणाऱ्यांच्या रस्त्यावर आता पर्यटकांची हॉटेलं आहेत, पण पाटीवर नाव कारागिरांचंच आहे.

हे सगळे रस्ते नदीकाठच्या भव्य चौकात उतरतात. नकाशावर त्याचं नाव 'व्यापार चौक' आहे, पण लिस्बनकर अजून 'तेरेइरु दु पासु', म्हणजे राजवाड्याचं पटांगण म्हणतात. १७५५ मध्ये तो राजवाडा गेला. १६६१ मध्ये मुंबई बेट राजकन्या कातारिनाच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला देण्याचा करार झाला, तो इथल्याच दरबारानं केला होता. चौकाच्या टोकाला दोन खांबांमधून संगमरवरी पायऱ्या थेट तेजू नदीत उतरतात. आम्ही तिथे वाईच्या घाटावर बसावं तसे पायऱ्यांवर बसलो. भरतीचं पाणी एकेक पायरी चढत होतं. यांनी पिशवीतून नळावर भरून घेतलेली बाटली काढली. लिस्बनमध्ये नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. दिवसाचे चार-पाच युरो तिथेच वाचतात.

दोरीवरचे कपडे

चौकातून डावीकडे वळलं की अल्फामाचा चढ सुरू होतो. नाव अरबी, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून आलेलं. ही टेकडी भूकंपातून बरीचशी बचावली, म्हणून इथल्या गल्ल्या अजून जुन्याच वळणाच्या आहेत. पायऱ्या, बोळ, मध्येच एखाद्या घराखालून जाणारा बोगदा. वाटेत १२ व्या शतकात उभारलेलं 'से' हे मुख्य चर्च लागतं. आम्ही तिथे पोचलो आणि घंटा वाजायला लागली.

तो नाद मी पूर्वी ऐकला होता. वाईजवळच्या मेणवलीला, कृष्णेच्या घाटावरच्या देवळात अशीच घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेत मिळालेल्या घंटा मराठ्यांनी आपल्या देवळांत नेऊन बांधल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही त्यांतलीच. लहानपणापासून ज्या आवाजाला मी देवळाचा आवाज समजत आले, त्याचं मूळ घराणं त्या चढावर मला भेटलं.

थोडं वर सांता लुझियाचा सज्जा आहे. डोंगरउतारावरच्या अशा मोकळ्या सज्जांना 'मिरादोरु' म्हणतात. बसायला बाक, वर बोगनवेल, समोर लाल कौलांचा उतार आणि खाली नदी. तिकीट काही नाही. शेजारच्या चर्चच्या भिंतीवर निळ्या चित्रफरशांचा मोठा पट आहे. त्यात भूकंपापूर्वीचा तो नदीकाठचा चौक रंगवला आहे. तासाभरापूर्वी ज्या रिकाम्या जागेत बसलो होतो, तिथला राजवाडा इथे भिंतीवर अजून उभा आहे.

अल्फामाच्या बोळांत घरोघरी खिडकीबाहेर दोऱ्या आहेत. चादरी, टॉवेल, पोराबाळांचे कपडे डोक्यावर झुलत असतात आणि खाली ओल्या कपड्यांचा वास दरवळतो. एक आजी खिडकीतून बादली आत घेत होत्या. साबणाला इथे 'सबाँव' म्हणतात आणि बादलीला 'बाल्द'. बालदी म्हणणारी माझी आजी इथे चटकन रुळली असती.

शनिवार होता, म्हणून सांता क्लारा मैदानावरचा बाजार गाठला. 'फेइरा दा लाद्रा', म्हणजे चोरणीचा बाजार, मंगळवारी आणि शनिवारी भरतो. जमिनीवर चादरी अंथरून लोक जुनी पुस्तकं, कपबश्या, बिजागऱ्या, रेडिओ, नाणी मांडून बसतात. मी एक हातभर नाही पण चांगली वीतभर लोखंडी किल्ली उचलली. विकणारे आजोबा म्हणाले, "शाव्ह." मी म्हटलं, "चावी." त्यांनी मान डोलावून तो शब्द हळूच म्हणून पाहिला, "चावी." सोळाव्या शतकात त्यांच्या भाषेतही या अक्षराचा उच्चार 'च' असाच होता, पुढे लिस्बनमध्ये त्याचा 'श' झाला. त्यांच्या पूर्वजांचा उच्चार आपल्याकडे टिकून राहिला आहे. दोन युरो देऊन ती किल्ली घेतली. दिवसभरात विकत घेतलेली वस्तू ती एवढीच.

इथे एक सांगावंसं वाटतं. या बाजारात सुट्या जुन्या चित्रफरशाही दिसतात आणि त्या घ्यायचा मोह होतो. त्यांतल्या कित्येक जुन्या घरांच्या भिंतींवरून उपटलेल्या असतात. एकेक फरशी जाते तशी भिंत मुकी होत जाते. आठवण हवी असेल तर नवी, कारागिरानं केलेली फरशी घ्यावी.

बटाट्याचं सूप

दुपारी एका 'ताश्का'त, म्हणजे घरगुती खाणावळीत शिरलो. फळ्यावर खडूनं दिवसाचं ताट लिहिलेलं होतं. बसल्याबरोबर टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि लोण्याच्या पुड्या आल्या. हे फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर नम्रपणे परत करावं. आम्ही पाव ठेवून घेतला आणि बाकीचं परत दिलं. दोन वाट्या 'काल्दु व्हेर्द' आणि एक माशाचं ताट दोघांत मागवलं. काल्दु व्हेर्द म्हणजे बटाट्याचं दाट सूप आणि त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी कोबीच्या कुळातली भाजी. वरून चोरिसोची चकती घालतात. ती नको म्हणून आधीच सांगितलं.

बटाट्याला इथे 'बताता' म्हणतात, भाजीला 'कोव्ह'. वहीची उजवी बाजू भरत चालली होती : बटाटा, कोबी, काजू, अननस, पपई. बटाटा हा शब्द मुळात पोर्तुगीजही नाही. तो कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. जिन्नस अमेरिकेचा, शब्द तिथल्या माणसांचा, आणि आपल्या किनाऱ्यावर तो उतरवला पोर्तुगीज गलबतांनी. मिरचीही त्याच वाटेनं आली. त्याआधी आपला तिखटपणा मिऱ्यांचा होता. दादरच्या पुलाखाली कागदात गुंडाळून मिळणारा वडापाव आपण अगदी मराठी मातीतला मानतो. तो आहेच. पण त्यातला बटाटा, मिरची आणि पाव हे तिघेही समुद्र ओलांडून आलेले आहेत. त्यांना एकत्र आणून नवी चव दिली ती आपल्या माणसांनी.

थडगं आणि गेंडा

पंधरा नंबरच्या ट्रामनं नदीकाठानं बेलेंला गेलो. वास्को द गामाची जहाजं १४९७ च्या जुलैमध्ये इथून निघाली. राजा मानुएलनं पुढे इथे जेरोनिमोस मठ बांधायला काढला. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या ५ टक्के करातून त्याचा खर्च चालला आणि बांधकाम जवळजवळ शतकभर रेंगाळलं. खांबांवर दोरखंड, शिंपले, प्रवाळ आणि परदेशी पानं-फुलं कोरलेली आहेत. मठाचा आतला चौक तिकिटाचा होता, तो आम्ही सोडला. चर्चमध्ये गेलो.

दाराशी एका बाजूला वास्को द गामाचं थडगं आहे आणि समोर कवी कामोइंशचं. गामा १५२४ मध्ये कोचीला वारला. त्याच्या अस्थी नंतर मायदेशी आणल्या. लोक फोटो काढत होते. मला हात जोडावेसे वाटले नाहीत आणि रागानं पाठही फिरवावीशी वाटली नाही. यांनी वही उघडली आणि उजव्या बाजूला, थोडी जागा सोडून, तीन शब्द लिहिले : तुरुंग, काडतूस, लिलाव. हेही त्यांचेच शब्द. तुरुंगाचं मूळ 'त्रोंकु', म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा. सत्ता आली तेव्हा आपल्यासोबत हे शब्दही घेऊन आली. पाव आणि साबण आपण हौसेनं घेतले. तुरुंग घ्यावा लागला. एकाच पानावर दोन्ही असणं हाच पोर्तुगीज सत्तेच्या साडेचारशे वर्षांचा खरा हिशेब वाटतो.

मठापासून नदीकाठी चालत गेलं की बेलेंचा बुरूज लागतो. बांधकामाला १५१४ मध्ये सुरुवात झाली. मठ आणि बुरूज दोन्ही १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. काठावरून नीट पाहिलं तर एका लहान बुरुजाच्या पायथ्याशी पावसापाण्यानं झिजलेलं एका प्राण्याचं तोंड दिसतं. तो आपला गेंडा आहे. गुजरातच्या सुलतानानं तो पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द आल्बुकेर्कला भेट दिला. गोव्याहून जहाजात चढवून १५१५ च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरवला. युरोपनं कित्येक शतकांत गेंडा पाहिला नव्हता. राजानं त्याची हत्तीशी झुंज ठरवली, पण हत्तीच पळून गेला. जर्मन चित्रकार ड्यूररनं तो न पाहता, केवळ वर्णनावरून त्याचं चित्र काढलं आणि ते जगभर गेलं. त्या मुक्या जनावराला मग पोपकडे भेट म्हणून रवाना केलं. वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं. साखळीनं बांधलेला असल्यानं त्याला पोहता आलं नाही. पोर्तुगीजांनी त्याला 'गांदा' म्हटलं होतं, आपल्याच शब्दानं. शब्द दोन्ही दिशांनी गेले.

१८३७ पासून चालू असलेल्या बेलेंच्या प्रसिद्ध मिठाईच्या दुकानासमोर लांब रांग होती. आम्ही पलीकडच्या गल्लीतल्या साध्या बेकरीत दोन 'पाश्तेल द नाता' घेतले. कुरकुरीत पापुद्र्यात अंड्याच्या बलकाचं गोड सारण, वरून दालचिनीची पूड. गरम असतानाच खावा.

जायचं असेल तर

वाहतुकीसाठी प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. ते साधारण अर्ध्या युरोला मिळतं आणि त्यात हवे तेवढे पैसे भरता येतात. तेच ट्राम, मेट्रो आणि नदीवरच्या बोटीला चालतं. असं केलं की ट्रामच्या चालकाकडून सुटं तिकीट घेण्यापेक्षा फेरी बरीच स्वस्त पडते. अठ्ठावीस नंबरची ट्राम सुंदर आहे, पण दिवसा खच्चून भरलेली असते. तिचा मार्ग पायी चालला तर जास्त दिसतं. बूट तळाला पकड असलेले हवेत. कॉफी आणि नाता काउंटरशी उभं राहून घ्यावी. दुपारचं जेवण फळ्यावरच्या ताटातून निवडावं. आमचा दोघांचा खर्च किल्लीसकट ४२ युरो झाला.

दहा मिनिटांची नदी

मावळतीला काइश दु सोद्रे धक्क्यावरून कासिल्हासची बोट पकडली. तिकीट दीड युरोच्या आसपास, प्रवास दहा मिनिटांचा. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचसारखीच ही रोजच्या माणसांची बोट. पलीकडे जाऊन तासभर धक्क्यावर बसलो. सूर्य उजेड आवरत होता आणि समोर सगळं लिस्बन टेकड्यांवर मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं.

पश्चिमेला तांबडा झुलता पूल. १९६६ मध्ये तो उघडला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी ती राजवट उलथली, लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवली, आणि पुलाला त्या तारखेचं नाव मिळालं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला होता, पण लिस्बननं ते मानलं नव्हतं. क्रांतीनंतर त्याच वर्षी, ३१ डिसेंबरला, नव्या सरकारनं करार करून ते मान्य केलं. जी राजवट गोव्याला सोडत नव्हती, तिनं आपल्या लोकांनाही कोंडून ठेवलं होतं.

अंधार पडल्यावर परतीच्या बोटीत बसलो. यांनी डाव्या बाजूची बेरीज केली आणि उजव्या बाजूला शेवटचा शब्द लिहिला : पगार. त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे देणं, चुकतं करणं. तिकीटखिडकीवर तो दिवसभर कानावर पडला होता.

माझ्या शेजारच्या बाकावर कामावरून थकून आलेली एक बाई बसली होती. तिची पिशवी तिच्या पायाशी, माझ्या पायाला लागून होती. बोटीच्या हेलकाव्यानं ती कलंडली, तेव्हा मी वाकून सरळ केली. बाई हसली. आम्ही एकमेकींशी काहीच बोलू शकत नव्हतो. पण तिच्या पिशवीत काय आहे ते मला एकेक करून सांगता आलं असतं : बटाटे, कोबी, साबणाची वडी आणि सकाळचा उरलेला एक पाव.